वीस नंबरचा नट

"खिडकी माझी!" निलेशनं जाहीर करून टाकलं.

"मागच्या वेळी पण तूच बसला होतास!" दीपाली भावावर डाफरली. "या वेळी निशाताई बसेल. ती पाहुणी आहे."

"कसली पाहुणी? बुऱ्हाणपूरला पोचलो की ती घरची आणि आपण पाहुणे!"

बोलण्यात तथ्य होतं. तेरा वर्षांची निशा बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहायची. सुट्टीतले आठ दिवस तिनं देडतलाईला मथुरामावशीकडे काढले होते, आणि आता मावशीची ही दोन मुलं तिच्याकडे निघाली होती. दुपारी तीनला मावशीच्या यजमानांची, चुडामणकाकांची पिकअप केळी भरून बुऱ्हाणपूरला जाणार होती. पुढे मावशी आणि मुलं, मागे केळीच्या घडांवर बसून माल उतरवायला जाणाऱ्या सहा बाया.

निशाचं लक्ष मात्र खिडकीच्या भांडणाकडे नव्हतं. बागेतून माल भरून पिकअप अंगणात शिरत होती. गाणी मोठ्यानं चालू होती आणि गाण्यांच्या मागे एक आवाज होता. टक्... टक्... टक्... गाडी हळू झाली तसा तोही हळू झाला, आणि गाडी थांबताच थांबला.

"सुपडूभाऊ, मागच्या चाकातून आवाज येतोय," ती म्हणाली.

सुपडूभाऊ ड्रायव्हर खाली उडी मारून हसला. "अगं, आठ दिवस झाले येतोय! पंक्चर काढलं तेव्हापासून. टेन्शन नको घेऊ. मी गाणी लावतो ना, मग नाही ऐकू येत!"

"हा उपाय भारीच आहे," दीपाली पुटपुटली.

निशा मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवी बसली. चाकाला सहा नट होते. पाचांच्या कडेला नुसती धूळ होती. सहाव्याखालून मात्र गंजाचा लालसर ओघळ उतरला होता, जखमेतून रक्त ओघळावं तसा. तो नट तिनं बोटांनी हलवून पाहिला. ढिम्म!

"घट्ट आहे की!" निलेश म्हणाला.

"थांब. तुझ्या खिशात कागद आहे का एखादा?"

निलेशच्या खिशातून चॉकलेटचा कागद निघाला. निशानं तो नटाच्या खाली सरकवला. कागद सहज आत गेला! बाकीच्या पाच नटांखाली तो कडेलाच अडला.

"म्हणजे नट हलत नाहीये, पण चाकाला टेकलेलाही नाही," निशा हळूच म्हणाली. "मधेच अडकून बसलाय."

मुलं धावत मावशीकडे गेली. मावशी डबे भरत होती. "सुपडू वीस वर्षं गाडी चालवतोय. त्याला कळत नसेल का?" असं म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं. चुडामणकाका फोनवर व्यापाऱ्याशी बोलत होते. त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"किल्ली लपवू या?" निलेशनं सुचवलं.

"मार खायचाय?" दीपालीनं क्षणभर विचार केला आणि ती तरातरा सुपडूभाऊकडे गेली. "सुपडूभाऊ, निशाताई म्हणते तो नट तुमच्यानं काही निघायचा नाही."

"काय?" सुपडूभाऊच्या हातातला चहा हिंदकळला. "वीस वर्षं चाकं खोलतोय मी! पाच मिनिटांत काढून दाखवतो!"

दीपालीनं मागे वळून निशाला डोळा मारला.

सुपडूभाऊनं सीटमागून गाडीचा पाना काढला, नटावर चढवला आणि दांड्यावर पाय दिला. खट्! पाना सटकला. सुपडूभाऊ कसाबसा सावरला. त्यानं पुन्हा पाय दिला. खट्! या वेळी नटाच्या कोपऱ्यातून चकचकीत लोखंडाचा छिलका निघाला.

"भाऊ, थांबा!" निशा ओरडली. "अजून दोनदा असं केलं तर नट गोल होईल. मग कुठलाच पाना धरणार नाही!"

निशाचे पप्पा, गिरधर, पॉवरलूमचे फिटर होते. रविवारी ते कारखान्यात दुरुस्तीला गेले की निशा त्यांच्या पेटीशेजारी बसायची आणि मागतील तो पाना हातात द्यायची. चुकीचा दिला तर ते रागवायचे नाहीत. नुसता परत ठेवून म्हणायचे, "माप बघ. अडलेल्या नटाशी जोर नाही करायचा, आधी माप."

"हा पाना एकवीसचा आहे," निशानं त्यावरचा आकडा वाचला. "बाकीच्या पाच नटांवर लावून बघा बरं."

सुपडूभाऊनं कुरकुरत लावला. पाचही नटांवर पाना गच्च बसला. सहाव्यावर मात्र तो डुगडुगत होता.

शेजारच्या योगेंद्रदादाकडे ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची मोठी पेटी होती. निलेश धूम पळाला आणि पेटीसकट योगेंद्रदादालाच घेऊन आला. दादानं पेटी उघडली. आत ओळीनं गोट्या होत्या, म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे पाने. त्यानं एक उचलून दिली.

निशानं तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. "दादा, ही बारा कोनांची आहे. ही फक्त टोकांना धरते, आणि टोकं तर आधीच झिजलीत. सहा कोनांची द्या ना, ती नटाला सगळ्या बाजूंनी धरते."

योगेंद्रदादा तिच्याकडे बघतच राहिला. "कोणत्या नंबरची?"

"एकोणीस आणि वीस, दोन्ही द्या."

एकोणीसची नटावर चढलीच नाही. वीसची अर्धी चढली. निशानं हातोडीनं तिला दोन हलक्या टिचक्या दिल्या, तशी ती शेवटपर्यंत बसली. हलवून पाहिली. जरासुद्धा डुगडुगली नाही.

"वीस!" निशा ताडकन उभी राहिली. "पाच नट एकवीसचे आणि हा वीसचा! सुपडूभाऊ, हा नट या गाडीचा नाहीच!"

सुपडूभाऊचा चेहरा पडला. "पंक्चरवाल्याकडे एक नट हरवला होता खरा," तो ओशाळून म्हणाला. "त्यानं डब्यातून दुसरा काढला. हातानं फिरेना, तेव्हा हातोडा मारून बसवला. मी म्हटलं, चालते!"

आता योगेंद्रदादाही खाली बसला. चाकांपुढे-मागे दगड लावले, हॅन्डब्रेक ओढला. निशानं तारेच्या ब्रशनं बोल्टचं टोक घासलं आणि गंज सोडवायचं तेल मारलं. "आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही," ती म्हणाली.

"पंधरा मिनिटं?" सुपडूभाऊ कळवळला. "तीन वाजत आले!"

"वाजू द्या!" तिन्ही मुलं एका सुरात म्हणाली.

मग गोटीला लांब दांडा लावला. दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला, म्हणजे कमी ताकदीत काम होईल. "झटका नको, भाऊ. सावकाश वजन द्या. आणि तोंड लांब ठेवा. पाइप सटकला तर दात जातील."

सुपडूभाऊनं निमूटपणे मान मागे घेतली आणि वजन दिलं. काही नाही. आणखी दिलं. कर्र्र्र! अंगणभर आवाज घुमला. नट चतकोर फिरला. निशानं पुन्हा तेल मारलं. पुढे ओढायचं, थोडं मागे न्यायचं, पुन्हा पुढे. असं करत करत नट एकदाचा हातात आला. त्याच्या आट्यांमध्ये लोखंडाचा भुगा भरला होता, आणि बोल्टचे आटे तर पार खरवडून गेले होते.

"झालं! बसवू दुसरा, निघू!" सुपडूभाऊ म्हणाला.

"चाक काढून बघू ना," निशा म्हणाली. तिला अजून तो ओघळ खुपत होता. बाहेर कोरडं ऊन असताना एकाच नटाला गंज कशाला येईल?

जॅक लावला, बाकीचे नट काढले. योगेंद्रदादानं चाक जमिनीवर आडवं केलं आणि फडक्यानं पुसलं. नटाच्या भोकापासून निघालेली एक बारीक काळी भेग शेजारच्या भोकापर्यंत गेली होती. तिथून ती तिसऱ्याकडे वळली होती.

चुडामणकाका फोन बंद करून जवळ आले. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला. मागे घडांवर बसायला आलेल्या सहा बाया उभ्या होत्या. बुऱ्हाणपूरच्या वाटेतला लांब उतार सगळ्यांनाच ठाऊक होता.

"मावशी, आज नको ना जायला," निलेशच्या तोंडून निघालं. आपण आईलाच मावशी म्हणालो हेसुद्धा त्याला कळलं नाही.

मथुरामावशीनं तिघांनाही जवळ ओढलं. "पोरांनो, तुम्ही सांगत होतात आणि मी डबे भरत बसले!" ती म्हणाली.

माल योगेंद्रदादाच्या ओळखीच्या दुसऱ्या गाडीत चढला. सुपडूभाऊनं तो नट आणि गाडीचा एक खरा नट खिशात घातला. "चला, पंक्चरवाल्याकडे. तुम्ही तिघंही चला. मला एकट्याला नीट सांगता यायचं नाही."

बाजारातल्या पंक्चरवाल्यानं आधी हात झटकले. मग निशानं दोन नट त्याच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि चाकाच्या भेगेचा फोटो दाखवला. त्यानं मिसळलेल्या नटांचा डबा पुढे ओढला. त्यातले नट तो एकेक उचलून बघू लागला. अचानक त्यानं कपाळावर हात मारला.

"परवा एका जीपलाही असाच बसवलाय!"

"मग फोन करा!" दीपाली ओरडली. "बघता काय?"

जीप खकनारच्या रस्त्यावर होती, आत नऊ माणसं. चालकानं ती तिथेच कडेला घेतली. पंक्चरवाला स्वतः योग्य नट घेऊन मोटरसायकलनं धावला.

चुडामणकाका एरवी मोजकंच बोलणारे. रात्री जेवताना मात्र ते सुपडूभाऊकडे बघून म्हणाले, "वीस वर्षांचा ड्रायव्हर आणि पन्नास वर्षांचा मालक. दोघांना आज या तीन पोरांनी शिकवलं." सुपडूभाऊनं मान डोलावली आणि निशाच्या ताटात आपल्या वाटणीची पुरणपोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक जीप येऊन थांबली. चालक केळीच्या वेफर्सची मोठी पिशवी घेऊन उतरला आणि दारातल्या मथुरामावशीला हात जोडून म्हणाला, "ताई, काल ज्यांनी नट ओळखला ते मिस्तरी इथेच उतरलेत ना? भेटायचं होतं त्यांना."

"इथेच आहेत," मावशी हसू दाबत म्हणाली. "पण मिस्तरी आत्ता कैऱ्या काढायला आंब्यावर चढलेत. बसा तुम्ही, मी हाक मारते."