चौथ्या प्रश्नाची तिसरी चौकट

गाडी फाटकापासून वीस पावलांवर रुतली होती, आणि आतला माणूस ती आणखी खोल रुतेल अशी व्यवस्था करत होता. ॲक्सिलरेटर दाबायचा, चाक जागच्या जागी गरगरायचं, चिखल उडायचा… पुन्हा दाबायचा. लरिसाने नेमबाजी क्लबच्या पायरीवरून हे तीनदा पाहिलं आणि ट्रकमधून साखळी काढली.

एप्रिलमध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानचं बर्फ वितळायला लागलं, की या रस्त्यावर शहरातला माणूस असाच ओळखू येतो.

"पाय काढा आता," ती खिडकीशी वाकून म्हणाली. "चाकाचा काही दोष नाही."

गाडी निघाली. मग तो उतरला, आणि त्याचे चकचकीत बूट चिखलात दिसेनासे झाले. नेल्स, राजधानी रेजायनाहून आलेला, पक्षनेतेपदाच्या उमेदवार पेनरबाईंच्या प्रचारातला. क्लबच्या प्रश्नावलीची उत्तरं घेऊन आला होता.

"उत्तरं टपालानेही येतात," लरिसा म्हणाली.

"येतात. पण मग मला बाहेर कोणी काढलं असतं?"

तिने साखळी गुंडाळण्याकडे जरा जास्तच लक्ष दिलं.

पक्षाला नवा नेता निवडायचा होता. उमेदवार चार. बंदुकवाल्यांनी इतकी वर्षं गोड भाषणं ऐकली होती, की यंदा क्लबची सचिव म्हणून लरिसाने दहा प्रश्न लिहून पाठवले, आणि प्रत्येकापुढे दोनच चौकटी ठेवल्या : हो, नाही. क्लबमधल्या तीनशे बारा जणांना या निवडणुकीत मत होतं. मतपत्रिकेवर चौघांना पसंतीचे क्रमांक द्यायचे, आणि बहुतेक जण ते, उमेदवारांची उत्तरं मांडलेल्या लरिसाच्या तक्त्यावरून देणार होते. ती बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. शंभर दाण्यांतले उगवले किती, हे मोजण्यात तिची चूक आजवर कोणी काढली नव्हती.

चौथा प्रश्न तिच्या जिव्हाळ्याचा होता. नेते होऊन तुमचं सरकार आलं तर शंभर दिवसांत ठरावीक रायफलींवरची बंदी मागे घ्याल का? वडिलांनी जाण्यापूर्वी दिलेली रायफल याच बंदीमुळे तिच्या घरी कुलपात पडून होती. ती क्लबवर आणण्याचीसुद्धा सोय उरली नव्हती.

तिने पाकीट उघडलं. नऊ प्रश्नांना 'हो'. चौथ्यापुढे मात्र निळ्या शाईने हाताने काढलेली तिसरी चौकट, आणि तिच्याशेजारी – 'विचार करू'.

"ही कुठून आली?"

"मी काढली. बाईंना दोन पुरेनात."

"रेघ सरळ आली आहे."

"हे कौतुक का?"

"निरीक्षण," लरिसा म्हणाली.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. चौथ्या प्रश्नावर बोलायला, असं म्हणायचा. पण क्लबची करपट कॉफी प्यायचा, अध्यक्ष ऑर्विलच्या हातचा दगडासारखा बेरीचा केक दोन-दोनदा घ्यायचा, आणि लरिसा शिकवायची त्या बंदूक-सुरक्षेच्या वर्गातही त्याने नाव घातलं. तो बघायचा तेव्हा लरिसाला काही म्हणता काही कळायचं नाही. हा मला बघतो, की माझ्या मागच्या तीनशे बारा मतांना? प्रचारातली माणसं सगळ्यांकडेच अशी बघत असतील… असतीलच. पण मतांसाठी तो केक दुसऱ्यांदा कोण खाईल? एकदा प्रयोगशाळेत तिने एकच ताटली दोनदा मोजली, आणि एकदा सत्त्याऐंशी दाणे उगवलेले भरले, एकदा एकोणनव्वद.

"पोरी," म्हातारा ऑर्विल म्हणाला, "याला आपले मतदार पाठ नाहीत. तुझ्या ट्रकचा नंबर पाठ आहे."

एका शनिवारी नेल्सने विचारलं, तळ्यावर करकोचे उतरलेत, बघायला येतेस का? लरिसा 'बघू' म्हणाली.

"चौकटी दोनच आहेत, लरिसा."

तिचे कान तापले. ती कॉफीचे कप विसळायला उठली.

तक्ता जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी तो नवा फॉर्म घेऊन आला. चौथ्या प्रश्नापुढे खूण होती – 'हो'. तिने ती तीनदा वाचली.

"तयार झाल्या त्या?"

नेल्सने मान डोलावली. सोमवारी तक्ता सभासदांना पाठवायचा होता. तिने तिथेच पेनरबाईंचं नाव सगळ्यात वर नेलं आणि हसतच वर्गात गेली.

वर्गात त्या दिवशी रायफल हाती देण्या-घेण्याचा सराव होता. नेल्सने तिच्या हाती रायफल दिली. "रिकामी आहे."

लरिसाने दांडा मागे ओढून गोळीचं घर उघडलं, आत डोकावून पाहिलं, करंगळी घालून चाचपलं.

"सांगितलं ना, रिकामी आहे," तो जरा दुखावला.

"देणारा सांगतो, घेणारा बघतो. बाबांनी दिली तरी मी बघायचे. बघितलं नाही तर ते रागवायचे, म्हणायचे, विश्वास असला तरी…"

ती बोलता बोलता थांबली. टेबलावर तो फॉर्म पडला होता. तो तिने वाचला होता, बघितला मात्र नव्हता. त्या तिसऱ्या चौकटीचीच निळी शाई, तीच सरळ रेघ.

वर्ग तिने नेहमीसारखा पुरा केला. मग दार लोटून घेतलं. "नेल्स, ही खूण कोणी केली?"

"मी," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं. बाई अजून 'विचार करू'च म्हणत होत्या. शेवटी 'हो' म्हणतील असं त्याला वाटलं होतं, नुसतं वाटलं होतं. "आणि… 'हो' वाचताना तू कशी दिसतेस, ते मला बघायचं होतं."

लरिसाला राग आला. आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी आलं, जे कुठल्या ताटलीत ठेवावं तेच तिला कळेना.

"तीनशे बारा माणसं माझ्या शब्दावर क्रमांक लिहिणार होती."

"माहीत आहे. म्हणून बाईंना मीच सांगतो."

पायरीवर जाऊन त्याने फोन लावला. काचेतून तिला ऐकू येत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा मान खाली घालताना तेवढा दिसत होता. आत आला तेव्हा कोटावरचा प्रचाराचा बिल्ला काढून त्याने खिशात टाकला होता. सोमवारी तक्ता गेला. पेनरबाई तिसऱ्या क्रमांकावर, आणि त्यांच्या चौथ्या प्रश्नापुढे – 'उत्तर नाही'.

आता तो यायचा नाही, असं लरिसाने धरून चाललं होतं. पण पुढच्या शनिवारी वर्गाची परीक्षा होती, आणि नेल्स आला. या वेळी रबरी बुटात. तिने दिलेली रायफल घेतली, दांडा ओढला, आत बघितलं, करंगळी घातली. पास झाला. सगळे गेल्यावर त्याने तिच्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर एकच प्रश्न होता. करकोचे बघायला येशील का? आणि दोन चौकटी.

"नऊ गाळले," तो म्हणाला. "यामागे कुणी बाई नाही, मतं नाहीत. बिल्लाही परत दिलाय. तपासून घे."

लरिसाने पेन्सिल उचलली. वेळ लावला. मग दोन चौकटींच्या शेजारी तिसरी काढली.

"लरिसा…"

"तपासणीच्या शेवटच्या दिवशी काही दाणे उगवलेले नसतात, कुजलेलेही नसतात," ती कागदाकडे बघत म्हणाली. "ते मेलेत असं आम्ही लिहीत नाही. सात दिवस थंडीत ठेवतो आणि पुन्हा मोजतो."

"म्हणजे माझी तपासणी अजून बाकी?"

"तुझी नाही. माझी."

तो हसला, पण थोडंच. "आठव्या दिवशी येतो," म्हणाला आणि गेला.

लरिसा कागद-पेन्सिल हातात घेऊन उभी राहिली. वर्षभर ती ज्या पुढाऱ्यांच्या नावाने चिडत होती, नेमकं त्यांच्यासारखं उत्तर तिने दिलं होतं. तेही कोणाला, तर जो खोटं 'हो' लिहूनही खरं सांगायला पायरीवर गेला, त्याला. सात दिवसांनी आपल्याला नवीन काय कळणार आहे?

बाहेर चाकाचा आवाज आला. काल पुन्हा पडलेलं बर्फ सकाळी वितळलं होतं, आणि गाडी फाटकापासून वीस पावलांवर, त्याच खड्ड्यात होती. ॲक्सिलरेटर दाबायचा, चिखल उडायचा…

तिने साखळी घेतली आणि खिडकीशी वाकली. "पाय काढ."

त्याने काढला. लरिसाने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला, तिसरी चौकट खोडली, 'हो'च्या पहिल्या चौकटीत खूण केली आणि कागद आत दिला.

नेल्सने तो उजेडात धरून नीट बघितला. "रेघ वाकडी आली आहे."

"बॉनेट थरथरतंय," ती साखळी अडकवत म्हणाली. "निरीक्षण."