सतराशे दोनमधली ऊब

तो मधला दिवा मालवा, मग सांगतो. उडत आलेलं नाही हे, ज्याच्यावर गुदरलं त्यानेच सांगितलेलं. तक बोंगसू नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा.

इंचनला समुद्राकाठच्या तीस मजली इमारतीत आम्ही देखरेखीच्या रात्रपाळ्या करायचो. तळघरातल्या पडद्यावर अख्खी इमारत दिसायची. कुठे दिवा आहे, कुणाचा नळ वाहतोय, कुणाच्या जमिनीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब चालू आहे. एकटी म्हातारी माणसं राहायची त्या घरांत हालचाल टिपणारी यंत्रं होती. बारा तास कुणी हललं नाही, की खाली घंटा.

गेल्या वर्षीची एकवीस डिसेंबर. वर्षातली सगळ्यांत लांब रात्र, बाहेर उणे अकरा. त्या रात्री पाळीवर बोंगसू एकटाच होता. दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर दिसलं, सतराशे दोन नंबरच्या घराची जमीन तापलीय. घर तर रिकामं. तिथली ओकबुन आजी नोव्हेंबरात गेली, आणि तिच्या मुलाने गॅस तोडून टाकलेला. ऊब मोजणारं यंत्र बिघडलं असेल, बदलून येऊ, म्हणून पेटी उचलून बोंगसू निघाला.

लिफ्टमध्ये त्याला ते आठवलं. तोवर कुणालाच न सांगितलेलं.

आजीच्या घराची घंटा तीनदा उगाच वाजली होती. तिन्ही वेळा तो धावत वर गेला आणि आजीने त्याला झापलं, "मेले नाही अजून. झोपू दे की मेल्या." चौथ्यांदा वाजली तेव्हा त्याने ती खालूनच बंद केली. झोपली असेल म्हातारी. डॉक्टर नंतर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

सतरावा मजला. माणूस चालेल तसे तिथले दिवे लागतात. चार पावलांवर बोंगसू थांबला.

दिवे थांबले नाहीत.

एकेक करत पुढे गेले... आजीच्या दारापर्यंत.

कसाबसा तोही पोचला. कुलपाच्या आकड्यांवर बोट ठेवणार, तोच खट्. दार उघडलं. आतून.

अंधार. सवयीने त्याने बूट काढले. पाऊल टाकलं. जमीन ऊन. कुणी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

भिंतीवरचं बोलायचं यंत्र खरखरलं. ते तळघराला जोडलेलं. आणि तळघरात तर कुणीच नव्हतं...

"मेल्या..."

तो हलला नाही.

"झोपले नव्हते रे मी."

बोंगसू गुडघ्यांवर कोसळला. कपाळ जमिनीला टेकवून "चुकलो आजी, चुकलो," एवढंच म्हणत राहिला. कपाळाखालची ऊब हळूहळू निवत गेली...

सकाळी त्याने आजीच्या मुलाला बोलावून सगळं कबूल केलं. त्या बंद केलेल्या घंटेचंसुद्धा. मुलगा म्हणाला, वर चला.

जमीन बर्फासारखी गार. बॉयलर काढून नेलेला, नळ्या कापलेल्या. पण तिकडे जमिनीवर फरशीऐवजी चिकटवतात त्या पिवळ्या तेलकट कागदावर करपल्याचा डाग होता. कुशीवर पडलेल्या माणसाएवढा. एक हात भिंतीकडे लांबवलेला. पाचही बोटं मोजून घ्यावीत.

मुलगा खाली वाकला. डागाला हात लावला नाही. म्हणाला, "हा कागद मी परवाच नवा घातलाय."