आलेखातला उंचवटा

तुम्ही भुताखेतांवर विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही. एकदाच मारली, तेच तर सांगतोय.

रविवारची भर दुपार. तळघरातली चुंबकाची प्रयोगशाळा. मावशी एकटीच.

खोलीएवढं चुंबक, कणांचा झोत वळवणारं. त्याच्या दोन जबड्यांमधली ओढ सगळीकडे अगदी सारखी लागते, नाहीतर झोत भरकटतो. म्हणून आत लोखंडाच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या, वीज सोडून मोजायचं, पुन्हा चिकटवायच्या. मोजायची मावशी. चिकटवायचे माझे बाबा, तिथले फिटर.

बटण दाबण्याआधी ओरडून विचारायचं, "रिकामं?" आतून "रिकामं!" आलं तरच वीज सोडायची.

गेल्या वर्षी एकदा मावशीला घाई होती. तिने विचारलंच नाही.

ट्रॉलीवरचा पाना सुसाट आत खेचला गेला. बाबा जबड्यात मान घालून बसले होते...

चौकशीत मावशी म्हणाली, "मी विचारलं होतं. भाऊजी 'रिकामं' म्हणाले."

झालं. खापर बाबांच्या माथी फुटलं. आणि आईने तिलाच जवळ घेतलं. "रडू नकोस गं. हे होतेच धांदरट. तू तर विचारलं होतंस ना?"

मावशी म्हणते, त्यापेक्षा ताईने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

तर तो रविवार. मोजलेल्या ओढीचा आलेख सरळ येत होता. एका जागी मात्र... उंचवटा.

बाबांची मान होती, नेमकी तिथेच.

वीज बंद करून तिने तिथली पट्टी काढली. पुन्हा मोजलं.

उंचवटा तसाच.

आजूबाजूच्याही काढल्या. टॉर्च मारून पाहिलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. परत मोजलं.

उंचवटा... सरकला होता.

तिच्या बाजूला.

तिने कशीबशी वीज बंद केली. घरघर थांबली. इतकी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

तिने घसा खाकरला. "भाऊजी... रिकामं?"



मग आतून... नेहमीचाच आवाज. जरा वैतागलेला.

"आत्ता विचारतेस होय?"

मावशी चपला तिथेच टाकून पळाली ती थेट माझ्याकडे आली. सगळं भडाभडा बोलली. त्या थोबाडीत मारण्याजोग्या खोट्यासकट. "ताईला तूच सांग रे. माझ्याने नाही होत."

मी हो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही. बाबांचं नाव खराब राहिलंय आणि मी रोज आईसमोर बसून गिळतोय. बहीण तुटेल तिची. तोंडच उघडत नाही माझं.

परवा जेवताना आई मध्येच थांबली.

"अरे, हे सारखे स्वप्नात येतात. एकच म्हणतात, 'पोराला विचार.'"

मी वरणाची वाटी पुढे ओढली.

"काय विचारू रे तुला?"