मशीनच्या फाईलमधली टीप

मेल सर्व्हर बदलायचं काम कोणी हौसेने करत नाही. कचेरी चालू असताना सर्व्हर बंद ठेवला तर चारशे माणसं एकदम माझ्या नावाने खडे फोडतात, म्हणून ते सुट्टीतच करावं लागतं. आणि ते करणारा आमच्याकडे एकच माणूस आहे. त्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. तीन दिवसांत माझं बोलणं झालं होतं ते फक्त दारावरच्या वॉचमनशी, तेही सही करण्यापुरतं.

सर्व्हरच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत स्वेटर घालून बसावं लागतं. गरम झालेल्या धुळीचा एक वास असतो आणि एक घरघर असते. पहिल्या तासानंतर ती कानाला जाणवत नाही, पण घरी गेल्यावर उशीत ऐकू येते.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येकाने आपल्या मेलसाठी नियम लिहून ठेवलेले असतात. साहेबांचं मेल या कप्प्यात, जाहिराती त्या कप्प्यात, अमक्याचं आलं तर मला न दाखवता टाकून दे. हे नियम माणसाला वाचता येतील अशा साध्या फाईलमध्ये असतात. सर्व्हर ते कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, स्वतःपुरती एक वेगळी फाईल बनवतो आणि तीच चालवतो. माणसाच्या फाईलमध्ये ओळीआधी एक खूण करून आपण टीप लिहू शकतो, हा नियम का केला वगैरे. कंपाइल करताना ती टीप गळून पडते. मशीनला कारणांशी काही देणंघेणं नसतं. अठरा वर्षांच्या नोकरीत मशीनच्या फाईलमध्ये मी एकही टीप पाहिली नव्हती.

दुपारी तीनच्या सुमारास माझी स्वतःची फाईल आली. अकरा ओळी. दहा किरकोळ होत्या. अकरावी नऊ वर्षांपूर्वीची: दादाकडून काहीही आलं तर टाकून दे.

आई गेली तेव्हा दादाने मला फोन केला नाही, मेल केलं. 'आई गेली. तू पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. उरकलं.' ते मेल मी दोन दिवसांनी वाचलं, बिघडलेल्या प्रिंटरच्या तक्रारीखाली. त्याच दुपारी ही ओळ लिहिली आणि दादाचा फोन उचलणं बंद केलं. पुढे त्याने फोन करणंही सोडलं.

तीन महिन्यांपूर्वी दादा गेला. वहिनींनी फोन करून सांगितलं. गेलो, त्यांच्या दारात चोरासारखा उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हापासून एकच गोष्ट जिवाला खात होती. नऊ वर्षांत त्याने मला काही लिहिलं होतं का? टाकून दिलेलं मेल परत मिळत नाही. ते कुठेच नसतं. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार!

गेलेल्या माणसासाठी कसला नियम, असं म्हणून मी ती ओळ पुसली, कंपाइल केलं आणि सवयीने लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. शेवटची नोंद त्याच मिनिटाची होती. दादाच्या पत्त्यावरून मेल आलं. नियमानुसार टाकून दिलं.

घाबरलो नाही. खरं सांगायचं तर घाबरायलाही अंगात थोडा जीव लागतो. कुठेतरी अडकलेलं जुनं मेल असेल, म्हटलं. पण नियम तर मी पुसला होता. मग घड्याळ पाहिलं. नव्या सर्व्हरचं घड्याळ मागे असलं की त्याला जुनी फाईलच ताजी वाटते आणि तो नवी बनवत नाही. आमच्या धंद्यात हा घोळ प्रत्येकाने एकदा तरी घातलेला असतो. घड्याळ बरोबर होतं. तरी मशीनची फाईल हाताने पुसली आणि पुन्हा कंपाइल केलं. पाच मिनिटांनी लॉगमध्ये नवी नोंद. मेल आलं, टाकून दिलं.

मग जुन्या सर्व्हरचा लॉग काढला. सहा महिन्यांचा होता. दादा गेला त्या तारखेपर्यंत दर रविवारी एक मेल. एकही रविवार चुकलेला नाही. मग पंधरा दिवस काही नाही. आणि त्यानंतर रोज.

त्या रविवारांकडे पाहून मला रडू आलं. एकट्याच्या खोलीत, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत बसलो. मग वहिनींना फोन लावला.

"भाऊजी? आज कशी आठवण झाली?"

"वहिनी, दादाचा मेलचा पत्ता कोण वापरतं?"

"कोणी नाही. पंधरा दिवसांतच बंद करायला लावला मी. का हो?"

"तो मला लिहायचा का?"

"दर रविवारी. सकाळभर बसायचे. फोनवर त्यांना रडू फुटायचं हो, म्हणून लिहायचे. तुमच्या आई गेल्या तेव्हाही त्यांनी मेल केलं ते म्हणूनच. मी म्हणायचे, ते उत्तर देत नाहीत, कशाला लिहिता? तर म्हणायचे, वाचत तर असेल."

मी बाहीने पुन्हा डोळे पुसले.

"भाऊजी... एक विचारू? आज सकाळी मलाही एक आलंय. त्यांच्याच पत्त्यावरून. विषय रिकामा आहे. मी उघडलं नाही अजून. हिंमत होत नाही."

इथे मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला नीट कळतं. तेव्हा मात्र माझ्यापुढे ते वाया गेलेले रविवार होते, आणि त्याचं एक तरी अक्षर मला हवं होतं.

"उघडा वहिनी," मी म्हणालो. "उघडा आणि मला वाचून दाखवा."

"वर जावं लागेल, कम्प्युटर वर आहे. वाचून मीच फोन करते."

त्यांची वाट पाहताना हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी मशीनची फाईल उलगडून पाहिली. मशीनची भाषा परत वाचण्याजोगी करणारी एक कमांड असते. पडद्यावर माझ्या दहा किरकोळ ओळी होत्या आणि त्यांच्याखाली अकरावी, मी दोनदा पुसलेली. तिच्या डोक्यावर टीप होती.

'धाकट्या, ही रोजची मेल मी लिहिलेली नाहीत. उघडू नकोस.'

मला धाकट्या म्हणणारा माणूस जगात एकच होता. मी माणसाची फाईल पुन्हा पाहिली. तिथे टीप नव्हती, अकरावी ओळ नव्हती. मी टीप पुन्हा वाचली, आणि मग एकदम लक्षात आलं. मला त्याने नियमाआड ठेवलं होतं. वहिनींचं मेल आमच्या सर्व्हरवर नव्हतं. तिथे नियम कोण लिहिणार?

फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. चौथ्या वेळी त्यांनी उचलला.

"वहिनी, उघडू नका! ऐकताय ना? तसंच पुसून टाका..."

"वाचलं की." आवाज शांत होता. झोप पुरी झालेल्या माणसाचा असतो तसा. "छान लिहिलंय. उगाच घाबरत होते मी."

"काय... काय लिहिलंय?"

"फोनवर नाही सांगता यायचं. तुम्हाला पाठवलंय ना आत्ताच. मिळालं का?"

लॉगमध्ये नोंद पडली होती. वहिनींच्या पत्त्यावरून मेल आलं. नियमानुसार टाकून दिलं. वहिनींच्या पत्त्याचा नियम मी कधीच लिहिला नव्हता. फोन कानाशी तसाच धरून मी मशीनची फाईल परत उलगडली. आता बारा ओळी होत्या. बारावीच्या डोक्यावर लिहिलं होतं:

'भाऊजी, फोन ठेवा.'

"हॅलो?" कानात वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, मिळालं का हो?"

मी फोन ठेवला.

त्यानंतर वहिनींच्या घरी जायचा मला धीर झालेला नाही. पुतणीशी फोनवर बोलतो. आई ठणठणीत आहे म्हणते, जेवणखाण, झोप, सगळं व्यवस्थित. फक्त दिवसभर वर बसून लिहीत असते. परवा पुतणी हसत म्हणाली, "काका, आईने पत्ते मागायचा सपाटाच लावलाय. माझ्या सगळ्या मैत्रिणींचे घेतले."