रिकाम्या कुशीची आई

आमच्या संग्रहालयात खोल्या दोनच. पुढच्या खोलीत मूर्ती, मागच्या खोलीत खापरांच्या पेट्या आणि माझं टेबल. तुटलेलं जोडणं हे माझं काम. त्या सोमवारी मात्र मी नुसती यादी करत होते. गुरुवारी शहरातून ट्रक यायचा होता. बघायला कुणी येत नाही, म्हणून संग्रहालय बंद करून सगळं तिकडच्या गोदामात हलवायचं ठरलं होतं. नवं काही हाती लागलं तर फेरविचार करू, असं पत्रात होतं. ती नुसती गोड भाषा.

आमची मातीची आईही जाणार होती. वीतभर उंच, डोंगरावरच्या देवीच्या ठाण्यात चाळीस वर्षांपूर्वी सापडलेली. दोन्ही हात छातीशी वळलेले आणि मध्ये खडबडीत तुटका भाग. तिचं मूल कधी सापडलंच नाही. माझी मुलगी झाल्यापासून मी त्या मूर्तीसमोरून भरभर जायची.

डोंगरावर ठाण्यातल्या दगडांचीही शेवटची मोजदाद करायची होती. मुलीला पोटाशी बांधून निघाले तर सासूबाई गारिफालिया दारात आडव्या आल्या. अजून बाप्तिस्मा नाही, नाव नाही, सगळे नुसतं बेबा म्हणतात, असं पोर तिथं नेतात का?

"सूनबाई, मातीतलं तुला कळतं. लेकरांचं मला विचार," म्हणाल्या, आणि दृष्ट लागू नये म्हणून बेबावरून तीनदा थू थू केलं.

वर फाटकाशी अनार्गिरोसकाका, रखवालदार, काकडी खात बसले होते. फाटकाजवळच्या शिळेवर जुना नियम कोरलाय: गर्भार बाईनं आणि अंगावर पाजणारीनं आत येऊ नये. मी बोट दाखवून विचारलं, चालेल ना?

"नियम करणारे सगळे मेले, पोरी. रखवालदार जिवंत आहे. जा."

आत ऊन, रानओव्याचा वास, आडवे पडलेले खांब. बेबा वाटभर किरकिरत होती. मागच्या भिंतीपाशी ती गप्प झाली. मान वळवून एका कोपऱ्याकडे बघत ओठ हलवू लागली, पिताना हलवते तसे. वारा सुटला होता, पण तिच्या टाळूवरचं जावळ हलत नव्हतं. कोमट दुधाचा वास आला. मी तिचं झबलं चाचपलं, माझे कपडे चाचपले. कोरडे.

दहा पावलं मागे आले. ती कळवळून रडली. परत नेली; गप्प. मी तीनदा करून पाहिलं, कारण कुठलीही गोष्ट मी तीनदाच तपासते. त्या कोपऱ्यात जुन्या खोदकामाची गंजकी खुंटी होती. तिच्यावर आकडा: एकोणीस.

खाली येऊन मी एकोणीस नंबरच्या खड्ड्याची पेटी काढली. तळाशी कागदाची पुडी. वर लिहिलेलं, 'पक्षी, डोकं तुटलेलं.'

तो पक्षी नव्हता. खोदणाऱ्यांनी दुपट्याच्या घड्यांना पंख समजलं होतं. गुंडाळलेलं बाळ होतं ते, अंगठ्याएवढं, आणि भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखं ऊन. पेटी चाळीस वर्षं अंधाऱ्या फळीवर होती.

टोपलीत बेबाला घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. टोपली खाली ठेवली. मूर्तीपुढची काच उघडली.

कडेला कड लावली.

गोंद लावायच्या आधीच ते बसलं. मी हात काढला. पडलं नाही.

मी अनार्गिरोसकाकांना डोंगरावरून बोलावून घेतलं. ते आले, बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि थेट चर्चच्या घंटेकडे पळाले. तासाभरात सगळं गाव दारात. फोटो शहरात गेले, संध्याकाळच्या आत फोन आला. गुरुवारी ट्रकच आला नाही; ट्रकवाल्याच्या वाटणीची वाईन काकांनी प्यायली आणि वयाला न शोभेल असे नाचले. आता सहलीच्या बसगाड्या येतात. सासूबाई रांगेतल्या लोकांना सांगतात, माझ्या सुनेनं आईला लेकरू मिळवून दिलं. मलाही ते ऐकायला आवडतं.

त्या सोमवारी मात्र, माणसं पांगल्यावर, माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मी बेबाला पाजलंच नव्हतं. ऊर दगडासारखा झाला होता. ती काचेखाली टोपलीत झोपली होती.

तिच्या हनुवटीवर दूध ओघळलं होतं.

मी तिला छातीशी धरलं. तिनं तोंड फिरवलं.

तेव्हापासून तिनं माझं दूध घेतलेलं नाही. बाटलीही नाही. दवाखान्यात वजन करतात, खूश होतात. जे देताय तेच चालू ठेवा, म्हणतात. मी रोज सकाळी टोपली काचेखाली ठेवते आणि पाठ करून उभी राहते.

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवारीही मी कुलूप उघडते.