गुळात मुरलेली मासळी

शहादा स्टँडवर लोणखेड्याकडची एसटी लागली, गर्दी धडपडत चढली, आणि बघता बघता निम्मी गर्दी नाकाला पदर-रुमाल लावून मागे सरकली. पुढच्या बाकावर एक तरुण अंग चोरून बसला होता. त्याच्या पायांत झाकणाची बादली होती. झाकण घट्ट होतं, पण वास कुठे कुणाचं ऐकतो!

"मासळीन्या मुंड्या शेत," तो कंडक्टरची विनवणी करत होता. "सांडणार नहीत, मी धरीसन बठेल शे. मोटारसायकल बंद पडनी, नहीतर..."

"पुढच्या थांब्याला उतर म्हणजे झालं!" कंडक्टर ओरडला.

तेवढ्यात रंजिता चढली. सगळ्या बसमध्ये त्याच्या शेजारची एकच जागा मोकळी होती. ती सरळ तिथे जाऊन बसली आणि मांडीवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघू लागली. तरुण तिच्याकडे बघतच राहिला.

"तुमले... वास नही येत?"

"नही."

"थोडाबी?"

"काहीच नही."

तो हसला. "मंग देव पावना म्हना आज माले!"

तिलाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. दोन वर्षांपूर्वी साथीचा ताप घरात शिरला होता. तो तिच्या आईला, धनुबाईला, घेऊन गेला. रंजिताला सोडलं, पण तिला वास येणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. एकदा आईची पेटी उघडून ती साड्यांमध्ये तोंड खुपसून बसली होती... कापड गालाला लागत होतं, आई कुठेच नव्हती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी बसमध्ये, नाव-गाव विचारायच्या आधी, या परक्या माणसाला तिने ती सांगून टाकली.

त्याने बादली पायाने थोडी लांब सारली.

त्याचं नाव हेमकांत. बाजारात फेकून दिलेली मासळीची डोकी, सडकी पपई, केळी कापल्यावर बांधावर कुजत पडणारे खांब — हे सगळं तो गोळा करायचा, निळ्या ड्रममध्ये गुळाबरोबर थरावर थर लावायचा, तोंडाला फडकं बांधून लिंबाच्या सावलीत आंबवत ठेवायचा. मुरलं की गाळून, पाण्यात मिसळून पिकाच्या मुळाशी द्यायचा. गावाने त्याला 'मुंडीवाला' नाव ठेवलं होतं. थोरला भाऊ राजेंद्रही चिडवायचा, पण शेताचा कोपरा त्यानेच दिला होता.

रंजिताच्या वडिलांचं, दोधूनानांचं, शेत त्याच शिवारात होतं. जमिनीवर मिठासारखा पांढरा थर चढलेला. बायको गेल्यापासून नानांनी तिकडे पाय ठेवला नव्हता. एक दिवस हेमकांत दारात येऊन उभा राहिला.

"नाना, एक तुकडा माले द्या."

"मरेल माटी शे ती," नाना म्हणाले.

"मरेल नही नाना. उपाशी शे."

नानांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं... आणि हो म्हणाले.

मग रंजिता रोज ड्रमापाशी जाऊ लागली. तिच्याशिवाय तिथे उभं राहणार तरी कोण! हेमकांत फडकं सोडायचा, वाकून वास घ्यायचा. सडलं तर फेकावं लागे, आंबलं तर ठेवायचं. तो फरक नाकालाच कळायचा. ती काठीने ढवळायची आणि विचारायची, "आज कसा शे?"

"आज ताडीना."

दुसऱ्या दिवशी, "आज पिकेल पपईना. पण पपई रुसेल शे."

"रुसेल पपईना वास कसा येस?"

"तू काल घर लवकर गयी ना... तसा."

"हेमकांत!"

"ढवळ, ढवळ. थांबू नको."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. हिवाळाभर ते पांढऱ्या जमिनीला ते काळसर पाणी पाजत राहिले. आधी मेथी उगवली, विरळ, घाबरल्यासारखी. मग जरा दाट. नाना एका सकाळी आपणहून बांधावर आले, मूठभर माती उचलून बोटांनी चुरत कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरलेले पाहून रंजिताने तोंड फिरवलं, तर हेमकांत तिच्याकडेच बघत होता. होळीच्या आधी दोघांनी तिथे पपईची रोपं लावली.

आणि मग ती सकाळ आली. हेमकांतने नव्या ड्रमचं फडकं सोडलं, रंजिता सवयीने वाकली... आणि नाकाच्या खूप आत कुठेतरी काहीतरी हललं. आंबट. मग गोड. तिने त्याचं मनगट गच्च धरलं.

"गूळ! हेमकांत, गूळना वास ई ऱ्हायना माले!"

ती हसत होती, रडत होती. त्याने मनगट सोडवून घेतलं नाही.

"आते मी तुन्हा काय कामनी?" ती डोळे पुसत म्हणाली. "आते बसमा मी दूर बठसू."

"बसमा दूर बठ," तो हळूच म्हणाला. "पण घरमा..."

त्याचा फोन वाजला.

तळोद्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. राजेंद्र तिच्याखाली सापडला होता.

दिवसकार्य झालं. हेमकांत ड्रमाकडे फिरकला नाही. रंजिता एकटीच ढवळत राहिली. आता तिला सगळे वास येत होते, आणि सांगायला कुणी नव्हतं. मग शेजारणीकडून कानावर आलं — त्याच्या घरी वडीलधारे बसले होते. राजेंद्रच्या बायकोचं, गुलाब वहिनीचं, दिराशीच दुसरं लग्न करायचं, पाट लावायचा. दोन लेकरं घरची घरात राहतील.

रंजिता भेटायला गेली. ओसरीवर गुलाब वहिनी धाकटीला मांडीवर थोपटत होती.

"तूच ना ती? ड्रमवाली?" वहिनीने बसायला हात केला. "तुन्हं नाव घेतस तो. समजस माले."

रंजिता ओसरीच्या कडेला टेकली.

"मी या घरमा उनू तवय तो शाळामा जाये. त्याना डबा मी भरू. भाऊ म्हनस मी त्याले..." वहिनीचा आवाज फाटला. "आते त्याना नावनं कुंकू कसं लावू? पण नही म्हनसू तर माले माहेर धाडतीन. लेकरं आठेच ठेवी लेतीन."

रंजिता घरी आली ती जेवलीच नाही. वहिनीचे शब्द हेमकांतपर्यंत पोचवले नाहीत, तर वहिनी मुकाट्याने त्याच्या नावाचं कुंकू लावेल. पोचवले, तर पुढे काय होईल, कुणाला ठाऊक! दुसऱ्या दिवशी तिने हेमकांतला निरोप धाडून शेतावर बोलावलं आणि शब्द न् शब्द सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून निघून गेला.

तो परत आला तेव्हा ऊन कलत होतं. पपईची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. तो बांधावर बसला.

"मायले सांगं मी. पाट लावत नही. वहिनी आठेच ऱ्हाई, लेकरंससंगे. भाऊना वाटा वहिनीना नाववर."

रंजिता त्याच्याजवळ सरकली. "मंग?"

"माय म्हने, उद्या तुन्ही बायको ई, या पोरकासले घरबाहेर काढी, तवय?" तो थांबला. "सगळा गप. वहिनी माले दखी ऱ्हायनी व्हती. आन् मन्हा तोंडमाईन निंघी गयं... लेकरं मोठा होतस तोलगुन मी बायको आनसू नही."

वारा पडला होता. धाकटी अजून दोन वर्षांचीही नव्हती. मोठी होईपर्यंत... रंजिताने हिशेब मनातच सोडून दिला.

"मन्हा वाटा बी तूच दी टाका?" ती म्हणाली. "माले न इचारता?"

"तुले इचारतू तर..." त्याने बांधावरचं ढेकूळ उचलून चुरलं. "तर मी ते बोलूच शकतू नही, रंजिता. तू माले आवडस. त्या बसथीन आवडस."

"आज सांगस?"

"आज नही सांगं तर कवय सांगू?"

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी कळलं की त्याने दुसरं काही केलं असतं तर तो तिला इतका आवडला नसता. तिने त्याचा हात हातात घेतला. खरबरीत हात. पहिल्यांदाच, कुठलंही निमित्त न करता.

"मालेबी," ती म्हणाली. "पण थांब असं म्हनू नको माले. आन् जाय असंबी म्हनू नको."

त्याने मान हलवली. दोघांनी मिळून ड्रम उचलला, त्यातलं गाळून पाण्यात कालवलं, आणि एकेका रोपाच्या मुळाशी ओतत गेले. तो एका सरीत, ती शेजारच्या. सऱ्या संपल्या. हेमकांतने हौदावर हात धुतले, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि वाटेला लागला. वळणावर गुलाब वहिनीचा मोठा मुलगा धावत येऊन त्याच्या पायांना बिलगला. त्याने त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

हाक रंजिताच्या ओठांवर आली होती. तिने ती गिळली, आणि मग तिथेच ओल्या मातीत बसून ती हमसून हमसून रडली. नाना कधी आले, तिला कळलं नाही. खाली वाकून त्यांनी तिच्या पायाशी कललेलं एक रोप सरळ केलं, माती दाबली, आणि तिच्याजवळ बसून राहिले.