ओठांतल्या टाचण्या

कपडे दुरुस्तीच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या मुठीत एक बटण होतं आणि अंगावर निळा गणवेश. गणवेश बघून शिवणकाम करणाऱ्या टाचणीच्या हातातली टाचण्यांची डबी पडली आणि तोंडून निघून गेलं, "अगं आई गं!"

तिथेच घात झाला.

"अरे वा!" तो काउंटरवर रेलला. "म्हणजे तुम्ही आपल्याकडच्या!"

सात वर्षं ती या परक्या देशात तोंड सांभाळून राहिली होती. व्हिसा संपला त्या दिवसापासून सरकारच्या लेखी ती नव्हतीच. आणि जी बाई नाहीच, तिने 'आई गं' म्हणणं बरं दिसत नाही. तिने घाईघाईने चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या.

ही तिची जुनी युक्ती. ओठांत टाचण्या असलेल्या बाईला कोणी उत्तराचा आग्रह करत नाही. गाव कुठलं, परत कधी जाणार... सगळ्याला एकच "उं". मालकाने तिला टाचणी हे नाव ठेवलं ते यावरूनच. मालक सज्जन माणूस. त्याने तिला कागद विचारले नव्हते, तिने त्याला सुट्टी विचारली नव्हती.

"बटण आत्ता लावून मिळेल?"

"उं."

"गोड बोलता हो तुम्ही," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. ती आपण पाहिलीच नाही, असं टाचणीने स्वतःला तीन-चारदा बजावलं.

पुढच्या मंगळवारी दुसरं बटण. मग तिसरं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे, इस्त्रीची वाफ काचेवर धरलेली असे, आणि तो बटणाबरोबर एकेक प्रश्नही घेऊन येई.

"किती वर्षं झाली इथे?"

"उं."

"घरी कोण कोण असतं?"

"उं..."

"रविवारी काय करता?"

प्रेमात पडलेला माणूस आणि चौकशी अधिकारी, दोघेही नेमके हेच प्रश्न विचारतात. अधिकारी उत्तर लिहून घेतो, एवढाच काय तो फरक. टाचणी त्याच्या हातात वही शोधत असे. वही नव्हती. म्हणजे पाठांतर चांगलं असणार.

खोलीवर तिच्याबरोबर मावशी राहत असे. सख्खी कुणाचीच नाही. पण चौदा वर्षं बिनकागदाची, त्यामुळे या विषयातली तज्ज्ञ. पाचव्या बटणानंतर मावशीने प्रकरण ऐकून घेतलं.

"दोरा तुटलेला की कापलेला?"

"कापलेला. ब्लेडने. झिजलेला दोरा असा सरळ नसतो."

"आणि गणवेश?"

"कमरेत दोन इंच ढगळ. त्याच्या मापाचा नाहीच."

"मग सोंगच ते! पाळत ठेवतोय मेला. आपली भाषा बोलणारे मुद्दाम नेमतात हे लोक." मावशीने पलंगाखालची बॅग पायाने पुढे ढकलली. "भर."

बॅग भरायला टाचणीला वीस मिनिटं पुरत. तीन शहरं तिने अशीच सोडली होती. भावाचं लग्न तिने फोनवर पाहिलं, तेही अक्षता पडायच्या वेळी नेमकं चित्र अडकलं. वडील गेले तेव्हा फोन कानाशी दाबून ती कुणाच्या तरी पडद्याला काठ शिवत होती, कारण पडदा पाच वाजता हवा होता. गेली असती तर पुन्हा येता आलं नसतं, आणि आईचं औषध तिच्या शिवणावर चालत होतं. त्या दिवशीसुद्धा ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे रडता आलं नाही, टोचतात.

या वेळी मात्र बॅग भरायला तिला दोन तास लागले. मधेमधे ती खळी आड येत होती.

मंगळवारी ती शेवटची म्हणून दुकानात आली. बॅग टेबलाखाली. तो आला, गणवेशाचा कोट काउंटरवर ठेवला, घसा साफ केला. "आज एक विचारायचं होतं... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर—"

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. निळा दिवा काचेवरच्या वाफेतून गरगरला आणि गाडी दुकानासमोरच थांबली.

टाचणीने बॅग उचलली आणि मागच्या दाराकडे झेप घेतली. दारात तिचा खांदा कुणाच्या तरी खांद्यावर आदळला. त्याच्याच!

दार अरुंद होतं. दोघं त्यात अडकले.

"आधी तुम्ही," तो धापा टाकत म्हणाला.

टाचण्या तशाच ओठांत धरून ती पुटपुटली, "तुम्ही कशाला पळताय? तुमचीच माणसं आहेत ना?"

"माझी माणसं?"

"गणवेश!"

"तो आतेभावाचा आहे! नोकरीही त्याची, कार्डही त्याचं. तो दुसरीकडे गेला आणि मला त्याच्या जागी गोदामाच्या पहाऱ्यावर उभा करून गेला. माझं या देशात स्वतःचं म्हणाल तर... बनियन तेवढं आहे."

समोर चुकीच्या जागी लावलेली कुणाची तरी गाडी पोलिसांनी ओढून नेली. भोंगा लांब गेला. दारात मात्र दोघं तसेच उभे.

"आणि बटणं?" तिने विचारलं.

"मीच कापायचो." तो कानापर्यंत लाल झाला. "कळलं होतं?"

"पहिल्याच बटणाला."

"मग बोलला का नाहीत?"

टाचणीने ओठांतली एक टाचणी काढून त्याच्या बाहीला टोचली. मग दुसरी. तिसरी. चौथीही. आणि मग तिने स्वतःचं नाव सांगितलं. आईने ठेवलेलं, या शहरात कुणालाच ठाऊक नसलेलं. त्याने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि आपलं सांगितलं. गणवेशाच्या खिशावर शिवलेल्या आतेभावाच्या नावापेक्षा ते कितीतरी शोभणारं होतं.

"घरी आई आहे," ती म्हणाली. न विचारता. "वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मला जाता आलं नाही."

"माझी आजी," तो म्हणाला. "मलाही नाही."

सांत्वन दोघांनीही केलं नाही. पण टाचणीला इतकं हलकं वाटलं की हातातली बॅग कधी खाली ठेवली, तिलाच कळलं नाही. कागद काही आले नव्हते; मागचं दार अजून उपयोगी पडणारच होतं. आता ते निदान दोघांचं होतं.

"रविवारी मी घरीच असते," तिने जुन्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. "आणि मंगळवारी बटण कापत बसू नका."

"मग येऊ कसा? मालक काय म्हणेल?"

तिने विचार केला. मुद्दा बरोबर होता.

"मग कापा. पण ब्लेडने नको, कापड जातं." आणि आजवर कुणालाही हात लावू न दिलेली आपली छोटी दोराकात्री तिने त्याच्या तळहातावर ठेवली.